चार सेक्टर, दोन चॅनेल

गावोगावी ५ गिगाहर्ट्झवर इंटरनेट पुरवणाऱ्या लहान ऑपरेटरांचे बरेच प्रश्न या वेळी एकाच अडचणीचे आहेत. टॉवरवर सेक्टर (एकेक दिशा सांभाळणारे अँटेना) वाढले, मोकळी चॅनेल संपली. आता एकच चॅनेल दोन सेक्टरांना कसं वापरायचं, म्हणजे चॅनेलचा पुनर्वापर कसा करायचा? सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच मांडणी धरली आहे: एपीची (टॉवरवरच्या रेडिओची) पॉवर २० डीबीएम, सेक्टर अँटेनाचा गेन १६ डीबीआय, ग्राहकाच्या छपरावर २५ डीबीआयची डिश, फ्रिक्वेन्सी ५.८ गिगाहर्ट्झ. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, डीबीआय हे अँटेनाच्या गेनचं, म्हणजे एका दिशेला जोर एकवटण्याचं, आणि नुसतं डीबी म्हणजे दोन पातळ्यांतला फरक. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील तर तेवढा फरक जमेस धरा. रीत तीच राहते.

प्रश्न : ३० मीटर टॉवरवर ९० अंशांचे चार सेक्टर आहेत. ४० मेगाहर्ट्झची चार चॅनेल ५.८ च्या पट्ट्यात मावत नाहीत, म्हणून उत्तर आणि दक्षिण सेक्टरला एकच चॅनेल दिलं. दोन्हीकडचा वेग पडला. अँटेना एकमेकांकडे पाठ करून आहेत, तरी असं का? — बार्शी

उत्तर : तुमची मांडणी बरोबर आहे, पण ती चालायला लागणारी पहिली अट पुरी झालेली नाही. आधी जागेचा हिशेब पाहू. ५७२५ ते ५८७५ म्हणजे १५० मेगाहर्ट्झ. चाळीसची चार चॅनेल म्हणजे १६०. ती मावत नाहीत हे खरंच. उत्तर-दक्षिणेला एक आणि पूर्व-पश्चिमेला दुसरं दिलं की ८० मध्ये काम होतं. या रचनेला आपल्या लोकांत ‘एबीएबी’ म्हणतात. ए चॅनेलचा मध्य ५७५५ आणि बीचा ५८०० ठेवलात तर दोघांत ५ मेगाहर्ट्झची फट राहते आणि वर ५८२० पासून पुढचा भाग मोकळा उरतो.

आता बिघडतं कुठे ते बघा. पाच किलोमीटरवरच्या ग्राहकाचा सिग्नल एपीपर्यंत साधारण उणे ६० डीबीएमने पोचतो. त्याच क्षणी पाठीमागचा दक्षिणेचा एपी २० डीबीएमने बोलत असेल, तर टॉवरच्या लोखंडावरून होणारं परावर्तन धरून दोन अँटेनांमध्ये सुमारे ७० डीबीचा आडोसा मिळतो असं समजू. म्हणजे दक्षिणेचा आवाज उत्तरेच्या एपीला उणे ५० ने ऐकू येतो. ग्राहकापेक्षा शेजारी १० डीबीने मोठा! अशा वेळी ग्राहकाचं ऐकू येणं शक्यच नाही. अँटेना कितीही महाग घेतला तरी या परिस्थितीतून सुटका नाही.

सुटका वेळेत आहे. टॉवरवरचे चारही एपी एकाच क्षणी बोलले आणि एकाच क्षणी ऐकायला गप्प बसले, तर एपीचा एपीला त्रास मुळातच उरत नाही. यासाठी जीपीएस सिंक लागतं. उपग्रहाकडून दर सेकंदाला एक ठोका येतो आणि त्याला धरून सगळे रेडिओ आपली फ्रेम, म्हणजे बोलण्या-ऐकण्याची एक फेरी, सुरू करतात.

मात्र रेडिओच्या पानावर ‘सिंक लागलं’ अशी हिरवी खूण दिसली म्हणजे काम झालं असं नाही. फ्रेमची सुरुवात जुळली तरी शेवट जुळायला हवा. त्यासाठी चारही एपींवर चार गोष्टी अगदी सारख्या ठेवा: फ्रेमची लांबी (२.५ किंवा ५ मिलिसेकंद), डाउनलिंक (एपीकडून ग्राहकाकडे) आणि अपलिंक (ग्राहकाकडून एपीकडे) यांचं प्रमाण, कमाल अंतराची सेटिंग आणि चॅनेलची रुंदी. ज्या रेडिओंत ग्राहकांच्या विनंतीसाठी राखीव खाचांची संख्या ठरवता येते, त्यांत तीही. प्रमाण ‘फ्लेक्झिबल’ ठेवलंत तर फ्रेमचा शेवट दर वेळी बदलतो, म्हणून पुनर्वापरात ते चालत नाही. एका सेक्टरला ७५/२५ आणि दुसऱ्याला ६५/३५ दिलं तर ५ मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये अर्धा मिलिसेकंद असा येतो की पहिला अजून बोलतोय आणि दुसरा ऐकायला बसलाय. दुसऱ्याची ऐकण्याची एकूण वेळ १.७५ मिलिसेकंद, त्यातला ०.५ दर फ्रेमला वाया. कमाल अंतर एकाला ८ आणि एकाला २० किलोमीटर असेल तरी असंच होतं, कारण लहरीला जाऊन-येऊन किलोमीटरला ६.७ मायक्रोसेकंद लागतात आणि रेडिओ तेवढी मोकळी वेळ फ्रेममध्ये सोडतो. सगळ्या सेक्टरांत सर्वांत लांबचा ग्राहक कुठे आहे ते पाहा आणि तोच आकडा चारही ठिकाणी भरा.

सिंकचा फायदा शेजारच्या बी चॅनेललाही होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उत्तरेचा आणि पूर्वेचा एपी वेगवेगळ्या चॅनेलवर असले तरी प्रत्येक रेडिओचं थोडं सिग्नल बाजूच्या चॅनेलमध्ये सांडतं. सांडणारं ३५ डीबीने कमी आणि अँटेनांतला आडोसा ६५ डीबी धरला तर ते उणे ८० ने पोचतं. चाळीस मेगाहर्ट्झला चांगल्या रेडिओचा नॉईज फ्लोअर (त्याचा स्वतःचा कायमचा गोंगाट) उणे ९२ च्या आसपास असतो. म्हणजे सिंक नसेल तर वेगळं चॅनेल देऊनही १२ डीबी गमावता.

तुमचे रेडिओ जीपीएसविना असतील आणि वाय-फायच्या पद्धतीने आधी ऐकून मग बोलणारे असतील, तर एका चॅनेलवरचे दोन सेक्टर एकमेकांना ऐकून थांबत राहतात. तेव्हा पुनर्वापराचा नाद सोडा आणि वीस मेगाहर्ट्झची चार वेगळी चॅनेल लावा. जागा तेवढीच, ८० मेगाहर्ट्झ, लागते. क्षमता एबीएबीच्या अर्धी मिळेल, पण ती भरवशाची असेल.

प्रश्न : जीपीएस आहे, चारही एपींची फ्रेम सारखी आहे. दिवसभर सगळं ठीक. संध्याकाळी उत्तर सेक्टरची अपलिंक कोसळते, डाउनलिंक मात्र ठणठणीत. ग्राहक व्हिडिओ कॉल तुटतो म्हणून फोन करतात. — संगमनेर

उत्तर : हे लक्षण ओळखीचं आहे, आणि बहुतेक वेळा दोषी उत्तरेत नसतो, तो दक्षिणेला टॉवरच्या अगदी जवळ राहतो.

सिंक झाल्यावर एपी एपीला त्रास देत नाही. पण उत्तरेचा एपी ऐकत असतो त्याच वेळी दक्षिणेचे ग्राहकही बोलत असतात, त्याच चॅनेलवर. त्यांचा आवाज उत्तरेच्या अँटेनाच्या पाठीतून आत शिरतो. अँटेनाचा पुढचा आणि मागचा गेन यांतला फरक ३५ डीबी असेल तर तो आवाज ३५ ने कमी होऊन येतो. इतका आडोसा पुरेसा आहे का, हे पूर्णपणे दक्षिणेचा ग्राहक किती जोरात बोलतोय यावर ठरतं.

आकडे मांडू. दक्षिणेला ३०० मीटरवर एक दुकान आहे, रेडिओ पूर्ण पॉवरवर. तीनशे मीटरला हवेतली घट ९७ डीबी. त्याचा सिग्नल दक्षिणेच्या एपीला उणे ३६ ने मिळतो. दक्षिणेच्या पानावर हा आकडा पाहून आपण खूश होतो. तोच सिग्नल ३५ डीबी घटून उत्तरेच्या एपीला उणे ७१ ने मिळतो. उत्तरेचा पाच किलोमीटरवरचा ग्राहक उणे ६१ ने येतोय. फरक उरला १० डीबी. एवढ्यात जेमतेम क्यूपीएसके हे हळू मॉड्युलेशन (लहरीवर माहिती चढवण्याची रीत) चालतं; क्वामचा आकडा जितका मोठा तितका वेग जास्त. १६ क्वामला साधारण १७, ६४ क्वामला २४ आणि २५६ क्वामला ३२ डीबी लागतात. ते दुकान दिवसभर फारसं अपलोड करत नाही. संध्याकाळी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग चढवायला लागलं की उत्तर सेक्टर बसतो.

इलाज स्वस्त आहे. दक्षिणेच्या दुकानाची पॉवर इतकी उतरवा की दक्षिणेच्या एपीला तो उणे ६० ने यावा. मग उत्तरेला तो उणे ९५ ने, म्हणजे नॉईजच्याही खाली पोचेल आणि उत्तरेच्या ग्राहकाला जवळपास ३० डीबीचा फरक मिळेल. दुकानाचं काहीही बिघडत नाही, कारण उणे ६० ला सर्वांत वरचं मॉड्युलेशन मिळतंच. बहुतेक कामाच्या रेडिओंत हे आपोआप करणारी सोय असते: एपीवर ‘टार्गेट रिसीव्ह लेव्हल’ भरायची, मग प्रत्येक ग्राहकाचा रेडिओ आपली पॉवर तेवढ्यापुरती ठेवतो. चारही सेक्टरांना एकच आकडा द्या, उणे ६० ते उणे ६२. लांबचे काही ग्राहक पूर्ण पॉवर लावूनही उणे ६८ पर्यंतच येतील. त्यांना समोरच्या सेक्टरकडून उणे ९५ चा त्रास आणि रेडिओचा उणे ९२ चा नॉईज मिळून २२ डीबीच्या आसपास फरक उरतो. १६ क्वाम आरामात टिकतं.

अडचण अशी येते की दुकानाला २४ डीबी उतरायचं आहे, म्हणजे उणे ४ डीबीएमपर्यंत जायचं आहे, आणि काही रेडिओ तितके खाली उतरतच नाहीत. मग डिश काढा आणि १४-१६ डीबीआयचा छोटा पॅनेल लावा; तिथेच ९ ते ११ डीबी कमी होतात, उरलेलं पॉवर नियंत्रण सांभाळतं. डिश मुद्दाम तिरकी फिरवून सिग्नल ‘पाडायचा’ हा प्रकार कटाक्षाने टाळा. एपीकडचा आकडा उतरतो, पण डिशचा मुख्य झोत आता दुसऱ्याच दिशेला, कदाचित तुमच्याच पुढच्या टॉवरवर, पूर्ण जोराने जातो. शिवाय तिरक्या डिशला येणारा सिग्नल बाजूच्या लोबमधून (मुख्य झोताबाहेरच्या कमजोर झोतातून) येत असल्यामुळे वाऱ्याने डिश जराशी हलली तरी वरखाली होतो.

खात्री करून घ्यायची असेल तर पहाटे तीन-चारच्या सुमारास दक्षिणेच्या एपीचं प्रक्षेपण पाच मिनिटं बंद करा. एपी गप्प झाला की त्याचे ग्राहकही गप्प होतात. उत्तरेच्या प्रत्येक ग्राहकाची अपलिंकची एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांतला फरक) आणि मॉड्युलेशन उतरवून घ्या. मग दक्षिण चालू करून तिथल्या जवळच्या ग्राहकांना एकेक करून अपलोडची चाचणी लावा आणि उत्तरेचे आकडे पाहत राहा. ज्याची चाचणी चालू असताना आकडे कोसळतात तो तुमचा माणूस. कुणीही अपलोड करत नसताना सुद्धा आकडे वाईटच राहिले तर पुन्हा सिंककडे वळा, दोष पातळीत नाही.

एक लहान सेटिंग राहून जाते. दोन सेक्टर एकाच चॅनेलवर एकाच तालात बोलत असले की टॉवरजवळचा ग्राहक चुकून पाठीमागच्या एपीला जोडला जाऊ शकतो. कँबियम कंपनीच्या पीएमपी ४५० रेडिओत उत्तर आणि दक्षिणेला वेगळा कलर कोड (एपीची ओळख सांगणारा आकडा) द्या. त्याच कंपनीच्या ईपीएमपीमध्ये एकाला ‘फ्रंट सेक्टर’ आणि समोरच्याला ‘बॅक सेक्टर’ निवडा. दुसऱ्या कंपन्यांच्या रेडिओंत किमान नेटवर्कचं नाव प्रत्येक सेक्टरला वेगळं ठेवून ग्राहकाला त्याच नावाला बांधा.

प्रश्न : एका सेक्टरचा अँटेना आडवा-उभा आणि समोरचा ४५ अंश तिरका असा घेतला तर एकच चॅनेल वापरताना जास्त आडोसा मिळेल का? — जुन्नर

उत्तर : नाही. हल्लीचे रेडिओ दोन्ही ध्रुवणं (लहरीच्या कंपनाच्या आडवी-उभी अशा दोन दिशा) एकाच वेळी वापरतात. तिरक्यातून आलेला सिग्नल आडव्यात अर्धा आणि उभ्यात अर्धा उतरतो, म्हणजे त्रास देणारा आहे तसाच राहतो. उलट तिरक्या अँटेनाला सरळ बसवलेली डिश जोडली गेली तर तुमचेच दोन प्रवाह एकमेकांत मिसळतात. पूर्ण टॉवर एकाच प्रकारचा ठेवा आणि ग्राहकाची डिश त्याप्रमाणे बसवा.

प्रश्न : अँटेनाच्या कागदावर पुढचा-मागचा फरक ३५ डीबी लिहिला आहे. सिंक आहे, पॉवर नियंत्रण आहे. तरी ईशान्येच्या वाडीतले सगळे ग्राहक कायम कमी मॉड्युलेशनवर अडकलेत. सेक्टर बदलून पाहिले, उपयोग नाही. हॉर्न अँटेना घ्यावेत का? — कराड

उत्तर : कागदावरचा ३५ हा बरोबर पाठीमागचा, १८० अंशांचा आकडा आहे. ईशान्येची वाडी उत्तर सेक्टरच्या मध्यापासून ४५ अंशांवर पडते आणि दक्षिणेच्या मध्यापासून १३५ वर. ९० अंशांच्या सेक्टरचा गेन कडेला ३ ते ६ डीबीने उतरलेला असतो. १६ चा ११ धरा. दक्षिणेच्या अँटेनाचा १३५ अंशांवरचा गेन उणे ९ असेल तर वाडीला दोघांतला फरक मिळतो २० डीबी. त्यात १६ क्वाम चालतं, ६४ चालत नाही. ग्राहक पूर्वेच्या सेक्टरला दिला तरी हेच गणित येतं, कारण तोही त्याच्या कडेलाच आणि पश्चिमेचा अँटेनाही १३५ वर. म्हणून सेक्टर बदलून तुम्हाला फरक दिसला नाही.

या रचनेत चार कडा कमकुवत असणार हे धरूनच चालायचं. मग त्या कुठे पडू द्यायच्या हे आपल्या हातात राहतं. पूर्ण टॉवरचे सेक्टर २० किंवा ३० अंशांनी फिरवून कडा नदीपात्रावर, डोंगराच्या उतारावर किंवा नुसत्या शेतांवर येतील असं पाहा. चारही अँटेना एकत्र फिरवायचे; एकच फिरवला तर समोरासमोरची पाठ तुटते आणि सगळा हिशेब बिघडतो. दिशा मोजताना टॉवरवर होकायंत्र किंवा फोनचं कंपास वापरू नका, लोखंडाशेजारी ते १०-२० अंश चुकतं. नकाशावर टॉवरपासून एखाद्या दूरच्या ठळक खुणेची, साखर कारखान्याच्या चिमणीची किंवा पाण्याच्या टाकीची, दिशा काढून घ्या आणि त्या खुणेवर नजर धरून अँटेना लावा.

अँटेना विकत घेताना कंपनीकडून पूर्ण वर्तुळाचा आलेख मागा आणि ९० ते १८० अंशांतला सगळा भाग पाहा. तिथे मोठे दात दिसत असतील तर १८० चा आकडा कितीही छान असो, पुनर्वापरासाठी तो अँटेना कामाचा नाही.

हॉर्नबद्दल : त्यांचे बाजूचे लोब खरोखर कमी असतात आणि पाठ स्वच्छ असते. पण ९० अंशांच्या सममित हॉर्नचा गेन साधारण १०, म्हणजे तुमच्या सेक्टरपेक्षा ६ डीबी कमी. तेवढ्याने पोच निम्मी होते. गावठाणात, दोन-अडीच किलोमीटरच्या आत दाट ग्राहक असतील तर हॉर्न उत्तम. सहा-सात किलोमीटरवरच्या वस्त्यांसाठी सेक्टरच ठेवा. दोन्हींची सांगड घालताना लक्षात ठेवा, समोरासमोरचे दोन अँटेना एकाच जातीचे असावेत.

अँटेना बदलण्याआधी एकदा वर चढून पुढे-मागे काय आहे ते बघाच. सेक्टरच्या समोर टॉवरचा पाय, दुसऱ्या कंपनीची डिश, पत्र्याची शेड किंवा टाकीच्या गच्चीवरचं लोखंडी रेलिंग आलं असेल तर पुढचा झोत आपटून मागे फिरतो. मग ३५ चे २० झाले तरी नवल नाही. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत समोरचा कातळकडाही हेच करतो. तिथे त्या बाजूच्या सेक्टरला पुनर्वापरातून वगळून तिसरं, अरुंद चॅनेल द्यावं, असं आमचं मत आहे. कड्याशी भांडून हाती काही लागत नाही.

प्रश्न : पहिल्या टॉवरपासून दक्षिणेला १० किलोमीटरवर दुसरा टॉवर उभा करतोय. तीच दोन चॅनेल तिथेही वापरता येतील का? — चंदगड

उत्तर : येतील, पण तीच मांडणी जशीच्या तशी उतरवू नका. पहिल्या टॉवरच्या उत्तरेला ३ किलोमीटरवरचा ग्राहक आपली डिश दक्षिणेकडे, टॉवरकडे रोखून असतो. त्याच रेषेत मागे १३ किलोमीटरवर तुमचा नवा टॉवर आहे. दोन्ही टॉवरांचा उत्तर सेक्टर ए चॅनेलवर असेल तर त्या ग्राहकाच्या डिशला दोघंही समोरच दिसतात, फरक फक्त अंतराचा, १३ डीबीच्या आत. नव्या टॉवरवर ए आणि बी अदलाबदल करा : उत्तर-दक्षिणेला बी, पूर्व-पश्चिमेला ए. आता नव्या टॉवरचं ए त्या ग्राहकाला अँटेनाच्या बाजूकडून ऐकू येतं आणि आणखी १५-२० डीबी पदरात पडतात.

दोन्ही टॉवरांची फ्रेम एकच हवी, जणू एकच टॉवर आहे. दहा किलोमीटर पार करायला लहरीला ३३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून कमाल अंतराच्या सेटिंगमध्ये दोन टॉवरांतलं अंतरही सामावलं पाहिजे.

आणि अँटेना खाली झुकवा. तीस मीटरवरून तीन किलोमीटरवरचं घर क्षितिजाखाली जेमतेम ०.६ अंशांवर असतं, त्यामुळे बरेच जण अँटेना सरळच ठेवतात. पण उभा झोत ८ अंशांचा असेल आणि तुम्ही ३ अंश झुकवलात, तर तुमच्या लांबच्या ग्राहकाचं दीड-पावणेदोन डीबी जातं. तेवढंच शेजारच्या टॉवरच्या हद्दीतलंही जातं, आणि जवळच्या घरांचा सिग्नल सुधारतो. जमीन वर-खाली असेल तिथे प्रत्येक सेक्टरचा कोन वेगळा काढावा लागेल.

प्रश्न : वीज जाऊन आली की दहा-पंधरा मिनिटं पूर्ण टॉवर गोंधळतो, मग आपोआप सुरळीत होतो. — कणकवली

उत्तर : रेडिओ मिनिटाभरात उठतो, जीपीएसला मात्र थंड अवस्थेतून उपग्रह पकडायला वेळ लागतो. त्या अवधीत एखादा एपी सिंकविना बोलायला सुरुवात करतो आणि बाकीच्या तिघांना आंधळं करतो. सेटिंगमध्ये ‘ऑटोसिंक’ आणि ‘ऑटोसिंक अधिक फ्री रन’ असे दोन पर्याय दिसतील. पुनर्वापराच्या टॉवरवर फ्री रन, म्हणजे सिंक नसतानाही बोलत राहणं, नको. सिंक मिळेपर्यंत एक सेक्टर गप्प राहिला तर त्याचेच ग्राहक थांबतात. बोलला तर चारही सेक्टरांचे.

जीपीएसचा छोटा अँटेना आकाशाखाली उघडा आहे का, त्याच्यावर दुसरा कुठला पत्रा किंवा कंस आलाय का, हे पाहा. कोकणात त्याच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरणं हे सिंक तुटण्याचं नेहमीचं कारण आहे. आधी रबराची, ताणल्यावर एकजीव होणारी टेप, तिच्यावर काळी पीव्हीसी टेप खालून वर गुंडाळत न्या, आणि केबलला कनेक्टरच्या खाली एक वळण द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. पीओईला (केबलमधूनच रेडिओला वीज पुरवणाऱ्या पेटीला) बॅटरीचा आधार असेल तर जीपीएसचं युनिटही त्याच बॅटरीवर घ्या. अनेक ठिकाणी रेडिओ बॅटरीवर आणि सिंकची पेटी थेट मेनवर असं सापडतं.

प्रश्न : उन्हाळ्यात जोडलेले ग्राहक पावसाळ्यात ढासळतात. पावसामुळे फ्रिक्वेन्सी बदलावी का? — चिपळूण

उत्तर : ५.८ गिगाहर्ट्झला पाऊस फारसा खात नाही. ताशी १०० मिलिमीटरच्या धो धो पावसातही किलोमीटरला एक डीबीच्या आसपास. खातात ती ओली पानं. सागाची झाडं उन्हाळ्यात निष्पर्ण असतात, तेव्हा वाट मोकळी दिसते आणि जुलैत तिथेच हिरवी भिंत उभी राहते. घाटावर हेच काम वाढलेला ऊस करतो. पुनर्वापरात याचा दुहेरी फटका बसतो : तुमच्या ग्राहकाचा सिग्नल १०-१२ डीबीने पडतो, समोरच्या सेक्टरमधल्या मोकळ्या वाटेवरच्या ग्राहकाचा मात्र तसाच राहतो. चॅनेल बदलून यात काही होणार नाही. डिश दोन मीटर वर घ्या, नाही जमलं तर पाइप छपराच्या दुसऱ्या टोकाला हलवा.

प्रश्न : ५.८ चा पट्टा भरला आहे. खालच्या ५ गिगाहर्ट्झमध्ये बाहेरचे सेक्टर लावणं कायद्यात बसतं का? — नाशिक

उत्तर : ऑक्टोबर २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने ५१५०–५२५०, ५२५०–५३५०, ५४७०–५७२५ आणि ५७२५–५८७५ मेगाहर्ट्झ असे एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. प्रत्येक तुकड्याला पॉवरची मर्यादा वेगळी आहे, ती त्याच अधिसूचनेच्या तक्त्यातून घ्या आणि रेडिओत देश भारतच निवडा. दुसरा देश निवडून पॉवर वाढवणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपल्याच पुनर्वापराचा घात आहे. लहरी परवानामुक्त असल्या तरी इंटरनेट विकण्याचा दूरसंचार विभागाचा परवाना आणि उपकरणाला डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या लहरींचं नियमन पाहणाऱ्या शाखेची) मान्यता लागतेच.

मधल्या पट्ट्यात ५६०० ते ५६५० हा भाग हवामानाच्या सी-बँड रडारांचा आहे. मुंबईत वेरावलीला असं रडार चालू आहे. तो भाग मोकळा सोडा, रडार ओळखून चॅनेल सोडण्याची सोय बंद करू नका. ही सोय चालू असली की एपी दुसऱ्या चॅनेलवर उडी मारू शकतो, आणि एबीएबीमध्ये एका एपीने मनानेच चॅनेल बदललं तर तो थेट शेजाऱ्याच्या चॅनेलवर जाऊन बसण्याची शक्यता असते. म्हणून पर्यायी चॅनेल आधीच भरून ठेवा : उत्तर आणि दक्षिणेला एकच, पूर्व आणि पश्चिमेला दुसरं. टॉवर ते टॉवर जोडणाऱ्या लिंकना खालचा ५१५०–५२५० चा पट्टा द्या. त्यांच्या डिशचा झोत अरुंद असतो, सेक्टरांचा ५.८ त्यांच्यापासून लांब राहतो, आणि त्या सिंकविना चालल्या तरी सेक्टरांना धक्का लागत नाही.